पिक्रॉस सोडवताना अंदाज नको: १५×१५चं कोडं पहिल्या आकड्यापासून शेवटच्या घरापर्यंत

पिक्रॉस म्हणजे कडेला लिहिलेल्या आकड्यांवरून जाळीतले चौकोन भरत लपलेलं चित्र काढायचं कोडं. त्यातली ५×५ आणि १०×१०ची कोडी पटापट सुटतात आणि १५×१५ आलं की निम्म्यात घोडं अडतं, अशी तक्रार फार जण करतात. मग एखादं घर अंदाजाने भरलं जातं, त्यावर आणखी दहा घरं रचली जातात आणि शेवटी एका ओळीत आकडे जुळेनासे होतात. तिथे अडकलं असं वाटत असलं तरी चूक बहुतेक वेळा सुरुवातीच्या पाच मिनिटांतली असते. ढील मोजलेली नसते, फुल्या मारलेल्या नसतात किंवा ‘हा हत्ती दिसतोय’ म्हणून सोंड आधीच काढलेली असते. कन्सोलवरच्या पिक्रॉसमधली कोडी अंदाजाशिवाय सुटतील अशीच बनवलेली असतात. त्यामुळे प्रत्येक घर भरताना त्याचं कारण सांगता आलं पाहिजे.

पुढे वापरलेले शब्द आधी स्पष्ट करतो. जाळीतला एक चौकोन म्हणजे घर. आडवी असो वा उभी, ती ओळ. सलग भरायच्या घरांचा तुकडा म्हणजे गट, आणि ओळीबाहेर लिहिलेला प्रत्येक आकडा एकेका गटाची लांबी सांगतो. ओळीत गटांना सरकायला जितकी जागा उरते ती ढील. रिकामं राहणार हे नक्की असलेल्या घरावर फुली.

टप्पा १: कन्सोल आणि सेटिंग

आधी बटणं. कर्सर नेहमी दिशा-बटणांनी हलवा, काडीने (अंगठ्याने फिरवायच्या स्टिकने) नको. काडी थोडी तिरकी गेली तरी कर्सर शेजारच्या ओळीत जातो आणि ते दहा मिनिटांनी लक्षात येतं. निन्टेन्डोच्या स्विच लाइट कन्सोलवर अधिकच्या चिन्हासारखं (+) दिशा-बटण आहे, साध्या स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर (बाजूच्या कंट्रोलरवर) चार सुटी बटणं आहेत. दोन्ही चालतात. स्विचवरच्या पिक्रॉस एस मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत टच चालत नाही, त्यामुळे बटणांची सवय करावीच लागते. निन्टेन्डोच्या जुन्या डीएस कन्सोलवर स्टायलस वापरणाऱ्यांनी १५×१५ जाळीत भरण्यापूर्वी टोक नेमक्या घरावर आहे ना हे बघावं. तीन इंची पडद्यावर ती घरं फारच लहान दिसतात.

मग मदतीचे पर्याय. सुरुवातीला फुकट दोन ओळी उघडून देणारा पर्याय बंद करा. चूक आपोआप दुरुस्त करणारा पर्यायही बंद करा, कारण तो चालू असला की अंदाज लावणं फुकटात पडतं आणि तीच सवय लागते. पिक्रॉस एसमध्ये ज्या ओळीत पुढे काही करता येण्यासारखं आहे तिचे आकडे निळे होतात. हा पर्याय पहिल्या वीसेक कोड्यांपर्यंत ठेवायला हरकत नाही, नंतर तोही काढा. कुठल्या ओळीत हालचाल शक्य आहे हे स्वतः शोधणं हाच या कोड्याचा गाभा आहे.

जुना खेळ असेल तर दंड किती आहे ते आधी बघा. गेम बॉयवरच्या १९९५ सालच्या मारिओज पिक्रॉसमध्ये ३० मिनिटं मिळतात. पहिल्या चुकीला २ मिनिटं कापली जातात, दुसरीला ४, तिसरीला ८. तिथे अंदाज लावला की कोडं हातचं गेलंच म्हणून समजा.

सावधान: पुण्यात मिळणारे बहुतेक निन्टेन्डो कन्सोल बाहेरून आलेले असतात. स्विचचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्याला फक्त पिन बदलणारा जोड लागतो, तो तापकीर गल्लीत कुठेही मिळतो. अमेरिकी डीएस लाइट आणि थ्रीडीएसच्या चार्जरवर मात्र १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो नुसता जोड लावून २३०च्या सॉकेटमध्ये घातला तर जळतो. त्यांच्यासाठी यूएसबीवरून चार्ज करणारी केबल घ्या.

सावधान: पिक्रॉस ई मालिका खेळायची म्हणून जुना थ्रीडीएस विकत घेत असाल तर थांबा. थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ला बंद झाली आहे. आधीपासून डाउनलोड केलेले खेळ त्यात नसतील तर नवीन घेता येणार नाहीत. पिक्रॉस डीएसची कार्ट्रिज मात्र कुठल्याही देशाची असली तरी डीएस लाइटवर चालते आणि थ्रीडीएसवरही.

टप्पा २: एकही घर भरण्याआधी ढील मोजा

ओळीतले सगळे आकडे मिळवा. दोन गटांमध्ये किमान एक घर रिकामं राहतं, म्हणून जितके गट त्याहून एक कमी इतकी घरं त्यात मिळवा. ही बेरीज ओळीच्या लांबीतून वजा केली की ढील मिळते.

१५ घरांच्या ओळीवर ४ ३ ५ असे आकडे आहेत. ४ + ३ + ५ = १२, मधली दोन रिकामी घरं धरून १४, म्हणून ढील १. आता सगळे गट डावीकडे रेटून बसवा: ४चा गट १ ते ४, ३चा गट ६ ते ८, ५चा गट १० ते १४. प्रत्येक गटाच्या सुरुवातीची ढीलएवढी घरं सोडा, उरलेली नक्की भरलेली:

· ■ ■ ■ · · ■ ■ · · ■ ■ ■ ■ ·

फक्त आकड्यांवरून नऊ घरं हाती आली. नियम असा: गट ढीलपेक्षा मोठा असेल तरच त्यातून काही मिळतं, आणि गट वजा ढील इतकी घरं मिळतात. १५च्या ओळीवर एकटा ८ असेल तर ढील ७, फक्त मधलं ८वं घर भरतं. एकटा ७ असेल तर काहीच नाही. हे दोन आकडे पाठच करून ठेवा, म्हणजे कोडं उघडताक्षणी कुठल्या ओळी कामाच्या ते दिसतं.

इथली सर्रास होणारी चूक म्हणजे वरच्या ओळीत ५व्या घरावर फुली मारणं. डावीकडे रेटल्यावर ते घर रिकामं दिसतं खरं, पण ४चा गट एक घर उजवीकडे सरकला तर तो २ ते ५ बसतो. ढील शून्य असेल तेव्हाच मधल्या घरांवर लगेच फुल्या मारता येतात.

दुसरी चूक मोजण्याची. १०×१० आणि १५×१५मध्ये दर पाच घरांनंतर जाड रेघ असते. घरं एकेक करून मोजू नका, रेघेपासून मोजा. ‘११वं घर’ म्हणजे दुसऱ्या जाड रेघेनंतरचं पहिलं. एका घराची चूक इथे झाली तर ती उभ्या ओळींत पसरते.

तपासणी: सगळे गट उजवीकडे रेटूनही एकदा बघा. दोन्ही वेळा एकाच गटाने झाकलेलं घर तेच भरलेलं. उत्तर जुळलं नाही तर बेरीज चुकली आहे.

टप्पा ३: ओळींचा क्रम

वरच्या ओळीपासून सुरू करून खाली जाणं हा सगळ्यात वाईट क्रम. आधी शून्याच्या आणि ढील शून्य असलेल्या ओळी, मग ढील १, मग २, असं चढत जा. आडव्या झाल्या की उभ्याही तशाच.

क्रम कसा काम करतो ते ५×५मध्ये सहज दिसतं. आडव्या ओळींचे आकडे वरून खाली १, ३, ५, ५, ३ आणि उभ्या ओळींचे डावीकडून २, ४, ५, ४, २. तिसरी आणि चौथी आडवी ओळ पूर्ण भरा, मधली उभी ओळ पूर्ण भरा. पहिल्या आडव्या ओळीचं एकमेव घर मधल्या उभ्या ओळीमुळे भरलं, बाकी चारही घरांवर फुली. पहिल्या आणि शेवटच्या उभ्या ओळीचे दोन-दोन घरांचे गट तिसऱ्या-चौथ्या ओळीतच पुरे झाले, तिथेही उरलेल्या घरांवर फुल्या. आता दुसऱ्या आणि पाचव्या ओळीत कडेच्या दोन्ही घरांवर फुली आहे, मध्ये तीनच घरं उरली आणि आकडा ३. मोदक तयार. शेवटच्या दोन ओळी फुल्यांमुळे सुटल्या. फुल्या नसत्या तर त्या दोन ओळींत फक्त मधलं घर दिसलं असतं आणि आजूबाजूला कुठे सरकायचं हा प्रश्न उरला असता.

टप्पा ४: फुली म्हणजे निम्मं काम

जे अडकतात त्यांच्या जाळीत काळी घरं पुरेशी असतात, पण फुल्या जवळपास नसतात. गट पूर्ण झाला की लगेच त्याच्या दोन्ही टोकांना फुली मारा. ओळ पूर्ण झाली की उरलेली सगळी घरं फुल्यांनी भरा. काही खेळ हे आपोआप करतात. नसतील करत तर हाताने करा, आळस करू नका.

एक फुली किती देते ते पाहा. १५च्या ओळीवर ४ ३ आहे आणि उभ्या ओळीमुळे ४थ्या घरावर फुली आली. डावीकडे तीनच घरं उरली, त्यात ४चा गट मावत नाही. ३चा मावतो असं वाटेल, पण तो ४च्या नंतरच यायला हवा, म्हणून तोही तिथे येऊ शकत नाही. १, २, ३ या तिन्ही घरांवर फुली. उरली ५ ते १५ ही ११ घरं. ४ + ३ + १ = ८, ढील ३. ४चा गट ढीलपेक्षा एकाने मोठा, म्हणून ८वं घर भरलेलं. एका फुलीतून तीन फुल्या आणि एक भरलेलं घर मिळालं.

सावधान: ‘जागेत मावत नाही’ हे ठरवताना आकड्यांचा क्रम विसरू नका. लहान जागेत कुठला तरी गट मावतो एवढ्यावरून ती जागा उघडी ठेवली जाते आणि तिथेच कोडं थांबतं.

टप्पा ५: भरलेल्या घराकडून माहिती काढा

भरलेल्या प्रत्येक घराला विचारायचं: तू कुठल्या गटाचं?

काठाजवळचं घर उत्तर लवकर देतं. पहिला आकडा ३ आहे आणि २रं घर भरलेलं आहे. दुसरा गट ५व्या घराच्या आधी सुरूच होऊ शकत नाही, म्हणजे हे घर पहिल्याच गटाचं. गट १ ते ३ किंवा २ ते ४. दोन्हींत ३रं घर आहे, ते भरा. इथेच थांबा. ५व्या घरावर फुली मारायचा मोह होतो, पण गट १ ते ३ असेल तर ५व्या घरापासून दुसरा गट सुरू होऊ शकतो.

एकटाच आकडा असेल तर पोहोच मोजा. ३ हा एकच आकडा आहे आणि ६वं घर भरलेलं आहे. गट ४च्या अलीकडे आणि ८च्या पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून १ ते ३ आणि ९ ते १५ वर फुल्या.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी युक्ती. १० घरांची ओळ, आकडे २ २, आणि ५वं व ७वं घर भरलेलं. ६वं घर भरलं तर ५-६-७ हा तीनचा गट होईल, जो आकड्यांत नाही. म्हणून ६वर फुली. आता ५ पहिल्या गटाचं आणि ७ दुसऱ्या गटाचं. ५च्या उजवीकडे फुली असल्यामुळे तो गट डावीकडेच वाढणार, म्हणजे ४वं घर भरा. ७चा गट उजवीकडे, म्हणजे ८वं घर. बाकी सगळ्यावर फुल्या:

✕ ✕ ✕ ■ ■ ✕ ■ ■ ✕ ✕

ओळीत काहीच होत नाही असं म्हणून सोडून दिलेल्या ओळींत अशा निम्म्या तरी असतात.

तपासणी: गटाचा मालक ठरवताना आधीचे सगळे आकडे त्याच्या डावीकडे आणि नंतरचे उजवीकडे मावतात ना ते बघा. ३ १ अशा ओळीत सुटं भरलेलं घर दिसलं की ते १चं, असं धरून चालू नका.

टप्पा ६: फेरी लहान ठेवा

एक घर बदललं की ते ज्या दोन ओळींत आहे त्याच बदलतात. आडव्या ओळीत चार घरं भरली तर पुढे त्या चार उभ्या ओळीच बघायच्या. दर वेळी वरपासून खालपर्यंत सगळी जाळी चाळत बसलं की डोळे थकतात आणि बदललेली ओळच नजरेतून निसटते.

इथे घाईत आणखी एक गोष्ट होते. आकडा फिका झाला की ओळ संपली असं धरलं जातं. फिका आकडा म्हणजे तेवढ्या लांबीचा गट त्या ओळीत दिसतोय, इतकंच. तो बरोबर जागी आहे याची ग्वाही सगळेच खेळ देत नाहीत.

प्रवासात खेळत असाल तर जाळी प्रवासाप्रमाणे निवडा. वनाज–रामवाडी मेट्रो किंवा लोणावळा लोकलमध्ये १५×१५ व्यवस्थित होतं. पीएमपीच्या बसमध्ये गतिरोधकावर बटण दाबलेलं असतानाच कर्सर एक घर पुढे जातो, तिथे १०×१०च बरं. काहीही असो, उतरायचं असेल तेव्हा ओळीच्या मध्यात थांबू नका. हातातली ओळ पुरी करा, नाहीतर परत आल्यावर कुठली घरं कारणाने भरली आणि कुठली भरायची राहिली ते कळत नाही.

टप्पा ७: सगळं करूनही अडकलं तर काठाची कसोटी

हा टप्पा वेळ घेतो, पण १५×१५ आणि २०×१५मध्ये अंदाजाची जागा हाच घेतो. काठाची ओळ निवडायचं कारण असं: पहिल्या आडव्या ओळीत घर भरलं की त्या उभ्या ओळीचा पहिला गट तिथूनच सुरू होतो, म्हणून खालची किती घरं भरणार ते लगेच कळतं.

१०×१०ची जाळी घ्या. पहिल्या आडव्या ओळीवर एकटा ४, दुसरीवर १ २. उभ्या ओळींचे पहिले आकडे डावीकडून ३, ४, २, १, २, १, १, १, ३, २. पहिल्या ओळीची ढील ६, म्हणून आकड्यावरून काहीच मिळत नाही. आता ४चा गट एकेका जागी बसवून दुसऱ्या ओळीत काय होतं ते बघा.

१ ते ४: पहिल्या तीन उभ्या ओळींचे आकडे २ किंवा मोठे, म्हणून दुसऱ्या ओळीत १, २, ३ ही तिन्ही घरं भरतात. तीनचा गट तिथे नाही. बाद.

२ ते ५: दुसऱ्या ओळीत २, ३ भरलं, ४ रिकामं, ५ भरलं. दोनचा गट आधी आणि त्यानंतर आणखी एक. आकडे १ २ आहेत, क्रम उलटा झाला. बाद.

३ ते ६: ३ भरलं, ४ रिकामं, ५ भरलं, ६ रिकामं. दुसरा गट एकाच घराचा राहिला, हवा होता दोनचा. बाद.

४ ते ७: ५ एकटं भरलं, ४, ६, ७ रिकामी. तो १चा गट, आणि २चा गट उजवीकडे मावतो. चालतं.

त्यापुढच्या ५ ते ८, ६ ते ९ आणि ७ ते १० या जागाही चालतात. म्हणजे गट ४थ्या घराच्या अलीकडून सुरू होत नाही. पहिल्या तीन घरांवर फुल्या. ४ ते ७ पासून ७ ते १० पर्यंत सगळ्या जागांत ७वं घर येतं, ते भरा. सातव्या उभ्या ओळीचा पहिला आकडा १ आहे, म्हणून त्याच्या खालच्या घरावर फुली. बंद पडलेल्या जाळीत पाच नवी घरं मिळाली, आणि एकही अंदाजाने भरलं नाही.

हे चारही काठांवर करता येतं. खालच्या काठाला उभ्या ओळींचे शेवटचे आकडे वाचायचे. अशा पडताळणीसाठी खेळात तात्पुरतं भरण्याची सोय असेल तर ती वापरा, पक्की घरं आणि तात्पुरती घरं कधीही मिसळू नका. नसेल तर अप्पा बळवंत चौकातून एक आलेखवही आणा आणि कसोटी कागदावर करा.

टप्पा ८: चूक सापडली तर

ज्या ओळीत विरोध दिसतो तीच चुकली असं समजून तिथली घरं पुसणं ही नेहमीची चूक. विरोध शेवटी कळतो, मूळ चूक दोन-चार ओळी आधी असते. विरोधाच्या ओळीतलं प्रत्येक भरलेलं घर घ्या आणि त्या घरातून जाणाऱ्या दुसऱ्या ओळीत ते का भरलं याचं कारण शोधा. कारण सापडत नाही ते पहिलं घर संशयित. तीन-चार मिनिटांत सापडलं नाही तर सगळं पुसून पुन्हा सुरू करा. टप्पा २ आणि ३ यांत्रिक आहेत, दुसऱ्या वेळी ते लवकर होतात, आणि अर्धी चुकलेली जाळी दुरुस्त करण्यापेक्षा ते खूप सोपं जातं.

फोनवरच्या मोफत ॲपमध्ये अडकत असाल तर आणखी एक शक्यता असते: कोड्याला एकच उत्तर नसेल. दोन आडव्या ओळींवर १, १ आणि दोन उभ्यांवर १, १ असं उरलं की तिरकी दोन घरं कुठल्याही बाजूने भरता येतात, दोन्ही बरोबर. स्वतः कोडं बनवताना हे आवर्जून तपासा. शिवाय आडव्या आकड्यांची बेरीज आणि उभ्यांची बेरीज सारखीच यायला हवी. वरच्या मोदकात दोन्हीकडे १७ येते.

टप्पा ९: रंगीत आणि मेगा

साध्या १५×१५मध्ये काठाची कसोटी सहज जमायला लागली की मगच इकडे या. रंगीत पिक्रॉसमध्ये एकाच रंगाच्या दोन गटांमध्ये रिकामं घर लागतं, वेगवेगळ्या रंगांचे गट एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून ढील मोजताना शेजारचे दोन आकडे एकाच रंगाचे असतील तिथेच १ मिळवा. सवयीने सगळीकडे मिळवला की ढील कमी दिसते आणि नको ती घरं भरली जातात.

मेगा पिक्रॉसमध्ये मोठा आकडा शेजारच्या दोन ओळींचा मिळून असतो. ६ म्हणजे दोन्ही ओळींत तीन-तीन असं नाही. दोन्ही मिळून सहा घरं आणि ती एकमेकांना कडेने जोडलेली, इतकंच नक्की असतं. एका ओळीत त्याच गटाच्या मध्ये रिकामं घर येऊ शकतं, जोड दुसऱ्या ओळीतून पुरा होतो. त्यामुळे टप्पा ५मधली ‘मधलं घर भरलं तर गट मोठा होतो’ ही युक्ती मेगा आकड्याला लावू नका. तिथे आधी साधे आकडे आणि मेगा ओळींना छेदणाऱ्या ओळी पुऱ्या करा, मेगा आकडे सगळ्यात शेवटी घ्या.